कोकणातल्या वडिलांसाठी बाथरोब कसा निवडावा?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. वडील ७२ वर्षांचे, चिपळूणला राहतात, खुब्याचं ऑपरेशन झालंय. आयुष्यभर पंचा गुंडाळून न्हाणीतून बाहेर यायची सवय. आता एक हात वॉकरवर असतो आणि दुसऱ्या हाताने पंचा सावरताना तोल जाईल की काय अशी घरच्यांना धास्ती. म्हणून तुम्हाला त्यांच्यासाठी बाथरोब घ्यायचाय, बजेट ३,००० रुपये. ऑनलाइन शोधलं तर कुठे ४०० जीएसएम (कापडाच्या वजनाचं माप), कुठे ७००, कुठे इजिप्शियन कॉटन, कुठे बांबू, कुठे मायक्रोफायबर. ‘सगळ्यात जाड तो सगळ्यात चांगला असं धरून ७०० चा घेऊ का?’ असं तुम्ही विचारलंय.

७०० चा घेऊ नका. चिपळूणला तर नकोच. पूर्ण सुती, ३०० ते ३६० जीएसएमचा, जाड कॉलर नसलेला आणि पोटरीच्या मध्याच्या वर संपणारा रोब घ्या. एक भारीतला घेण्याऐवजी तेवढ्याच पैशात साधे पण चांगले दोन घ्या. आता कारणं सांगतो. आकडे लक्षात राहिले नाहीत तरी चालेल, कारणं लक्षात राहिली की दुकानात तुम्हाला कोणी गुंडाळू शकणार नाही.

मी सोलापूरचा, टेरी टॉवेलच्या, म्हणजे लूपवाल्या कापडाच्या टॉवेलच्या धंद्यातला. आमच्या चादरीसारखंच सोलापूर टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. टॉवेलच्या मागून बाथरोब आले, कारण कापड तेच, फक्त शिलाई वाढते. हॉटेलांसाठीही माल जातो, घरगुती गिऱ्हाइकांसाठीही, आणि या दोघांच्या गरजा किती वेगळ्या असतात ते रोज दिसतं.

सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. आपण रोब पहिल्यांदा बघतो तो हॉटेलात. पांढराशुभ्र, जाडजूड, अंगावर घेतला की ऊबदार. पण त्या हॉटेलात खोलीला एसी असतो, खाली लॉन्ड्रीत मोठे ड्रायर असतात, आणि वापरलेला रोब पाहुणा गेला की धुवायला जातो. तुमच्या घरी तो रोब न्हाणीच्या दाराच्या खुंटीवर लटकणार आणि जुलैत बाहेर धो धो पाऊस असणार. तिथे रोबची खरी परीक्षा एकच: आज सकाळी ओला झालेला उद्या सकाळपर्यंत कोरडा होतो का? नाही झाला तर दोन-तीन दिवसांत कुबट वास धरतो आणि वडील तो परत अंगाला लावणार नाहीत. मग किती का मऊ असेना.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, एवढंच. मोठ्या मापाच्या पुरुषी रोबला बाह्या, खिसे, पट्टा धरून साधारण ३ चौरस मीटर कापड लागतं. म्हणजे ३५० जीएसएमचा रोब एक किलोच्या आसपास भरतो आणि ७०० चा दोन किलोंच्या. सुती टेरी मशीनमध्ये पिळून काढली तरी स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणी धरून ठेवते. दोन किलोंच्या रोबमधून लिटरभराहून जास्त पाणी हवेत जायला हवं, एक किलोच्या रोबमधून अर्धा लिटर. पावसाळ्यात कोकणात हवा आधीच ओलीने भरलेली असते. शिवाय तो ओला, जड रोब दोरीवर टाकणार कोण? तुमच्या आईच ना?

याच हिशेबाचा आणखी एक उपयोग आहे. विक्रेत्याने ‘५०० जीएसएम’ लिहिलंय आणि खालच्या तपशिलात रोबचं वजन ९०० ग्रॅम दिलंय, तर दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत. रोब अगदीच आखूड असला तर थोडा फरक पडेल, पण इतका नाही. ऑनलाइन घेताना वजन विचारा आणि तीनने भागा. ही पडताळणी कोणीही घरबसल्या करू शकतं.

तरीसुद्धा जीएसएम सारखा असलेली दोन कापडं सारखी नसतात, आणि ते समजायला टेरी विणतात कशी ते थोडं बघावं लागेल. टेरीच्या मागावर उभ्या धाग्यांचे, म्हणजे ताण्याचे, दोन बीम (रूळ) असतात. एका बीमवरचा ताणा घट्ट ओढलेला असतो, त्यातून कापडाचा पाया तयार होतो. दुसऱ्या बीमवरचा ताणा ढिला सोडतात. आडवे धागे टाकताना फणी (धागे ठोकून बसवणारा मागाचा भाग) आधी त्यांना थोडं मागेच थांबवते, आणि सहसा तीन धागे झाले की तिन्हींना एकदम पुढे ठोकते. त्या धक्क्याने ढिला ताणा कमानीसारखा वर उभा राहतो. ती कमान म्हणजे लूप, आणि पाणी पितो तो हा लूप.

आता कापडाचं वजन वाढवायचं तर वाटा तीन. धागा जाड घ्या, लूप उंच करा किंवा लूप दाट बसवा. दाट बसवायचे तर इंचात आडवे धागे जास्त टाकावे लागतात, म्हणजे तेवढ्याच वेळात मागावरून कापड कमी निघतं आणि खर्च वाढतो. लूप उंच करायला सूत थोडं जास्त लागतं, पण मागाचा वेळ वाढत नाही. त्यामुळे स्वस्तात भारी आकडा दाखवायचा असेल तर लूप उंच आणि विरळ ठेवतात. असं कापड दुकानात फुललेलं दिसतं, चार-सहा धुण्यांनंतर लूप आडवे पडतात, आणि वॉकरच्या कडीला, दाराच्या खिळ्याला, नखालाही अडकून ओढले जातात.

ओळखायचं कसं? कापड उलट्या बाजूने बोटावर ताणून वाकवा आणि वाकलेल्या कडेवर लूपांच्या मधून काय दिसतं ते बघा. मधला पाया विरळ पेरलेल्या शेतासारखा उघडा दिसत असेल तर ठेवून द्या. लूप आखूड पण एकमेकांना चिकटून उभे असतील तर ३०० जीएसएमलाही ते कापड चांगलं काम देतं. मग रोब उजेडासमोर धरा. हलका उजेड येणारच, पण तो सगळीकडे सारखा यायला हवा. कुठे पट्टा दाट आणि कुठे पातळ दिसला तर विणताना ताण सारखा नव्हता असं समजा. असं कापड धुतल्यावर एकीकडे आटतं आणि रोबची पुढची कड वर-खाली होते.

मऊपणाबद्दल मात्र हातावर फार विश्वास ठेवू नका. नव्या रोबवर बहुतेक वेळा शेवटच्या प्रक्रियेत सिलिकॉनचं सॉफ्टनर दिलेलं असतं. त्यामुळे हात कसा लोण्यावरून फिरल्यासारखा फिरतो, पण पाणी वरून घरंगळतं. ‘नवा टॉवेल पाणीच पीत नाही’ ही तक्रार आमच्याकडे कायम येते, आणि बहुतेकदा दोन-तीन धुण्यांत ती मिटते. कारखान्यात आम्ही कापडाचा छोटा चौकोनी तुकडा पाण्याच्या भांड्यात अलगद ठेवतो आणि तो बुडायला किती सेकंद लागतात ते बघतो. चांगला धुतलेला तुकडा लगेच पाणी ओढून खाली जातो, सॉफ्टनर दिलेला तरंगत राहतो. घरी दुसऱ्या धुण्यानंतर रोबच्या आतल्या बाजूवर पाण्याचा एक थेंब टाका. तो मोत्यासारखा उभा राहिला तर अजून एकदा धुवा. तेव्हाही तसाच राहिला तर बहुधा कापडात पॉलिएस्टर मिसळलेलं आहे.

आता कापसाच्या नावांकडे येतो. लांब तंतूचा कापूस चांगला, यात वाद नाही. त्यापासून बारीक, मजबूत आणि कमी लव सुटणारं सूत निघतं. इजिप्तच्या गाजलेल्या जातींचे तंतू ३२ मिलिमीटरच्या पुढचे असतात. आपल्याकडे कोइमतूरला तयार झालेली आणि १९७४ मध्ये आलेली सुविन ही जातही त्याच तोडीची आहे. पण हा फायदा खरा दिसतो तो बारीक सुताच्या चादरींत आणि शर्टाच्या कापडात. रोबच्या टेरीला लागणारं सूत त्यामानाने जाड असतं, साधारण सोळा-वीस काउंटचं (काउंट जितका कमी तितकं सूत जाड). ते गुजरातेत पिकणाऱ्या शंकर-६ सारख्या, २८-२९ मिलिमीटर तंतूच्या कापसापासूनही उत्तम निघतं. आणि ‘इजिप्शियन’ या शिक्क्याची खात्री गिऱ्हाइकाला स्वतः करता येत नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या एका बड्या साखळी दुकानाने भारतातल्या पुरवठादाराशी संबंध तोडले, कारण इजिप्शियन म्हणून विकलेल्या चादरींत दुसराच कापूस होता. जिथे एवढ्या मोठ्या खरेदीदाराला ते कळायला वेळ लागला तिथे तुम्ही-आम्ही त्या शब्दासाठी जादा पैसे का मोजायचे? त्यापेक्षा सूत ‘रिंगस्पन’ आहे का आणि ‘कोम्ब्ड’ आहे का ते विचारा. कोम्ब्ड सुतातून आखूड तंतू विंचरून काढलेले असतात, म्हणून अंगाला लव कमी चिकटते. ‘झिरो ट्विस्ट’ अतिशय मऊ लागतं, पण पीळ नसल्याने लूप लवकर विस्कटतात. वॉकर, खुर्ची, खुंटी असा रोजचा घासाघाशीचा वापर असेल तर ते टाळा.

बांबूचं म्हणून जे विकतात ते बांबूच्या लगद्यापासून रासायनिक प्रक्रियेने काढलेलं व्हिस्कोज, म्हणजे एक प्रकारचं रेयॉन असतं. अमेरिकेत तर लेबलवर ‘बांबूपासून बनवलेलं रेयॉन’ असंच लिहावं लागतं. स्पर्शाला गार आणि मऊ असतं हे खरं. पण रेयॉन ओलं झालं की कमजोर होतं आणि कापूस ओला झाला की उलट मजबूत होतो. जी वस्तू रोज ओली होणार आणि ओली असतानाच ओढली-पिळली जाणार, ती कोणत्या तंतूची असावी हे वेगळं सांगायला नको. मायक्रोफायबरचे मऊ, केसाळ रोब थंडीत कपड्यांवरून घालायला ठीक. ओल्या अंगावर ते चिकटल्यासारखे वाटतात, आणि आगीजवळ पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. सुती टेरीही पेट घेते, हेही इथेच सांगतो. आंघोळीनंतर रोबवरच देवापुढे निरांजन लावायची वडिलांना सवय असेल तर बाही आखूडच हवी, नाहीतर आधी कपडे बदलायचे.

विणीचे तीन प्रकार डोळ्यांपुढे ठेवा. साधी टेरी, म्हणजे दोन्ही बाजूंनी लूप. वेलोर, म्हणजे बाहेरच्या बाजूचे लूप कातरून मखमलीसारखे केलेले. दिसायला देखणं, पण कातरलेली बाजू पाणी कमी ओढते, आणि वेलोरचे रोब सहसा जडही असतात. तिसरी वॅफल, चौकटी-चौकटीची खोलगट वीण. ही सगळ्यात हलकी आणि सगळ्यात लवकर वाळणारी, पण ऊब कमी. तुमच्या वडिलांना आंघोळीनंतर हुडहुडी भरत असेल तर हलकी टेरी, नसेल तर पावसाळ्यासाठी वॅफलसुद्धा छान. दोन रोब घेणार असाल तर एक एक घ्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. पंचा बंद करू नका. न्हाणीतच स्टुलावर बसून अंग पंच्यानेच पुसू द्या. पंचा पातळ, भरपूर पाणी ओढणारा, पिळला की तासाभरात निम्मा वाळलेला. रोबचं काम त्यानंतर सुरू होतं: राहिलेली ओल टिपायची, अंग झाकायचं आणि दोन्ही हात वॉकरसाठी मोकळे ठेवायचे. काम एवढंच असेल तर जाड रोबची गरजच उरत नाही. हेच तुमचा एखादा भाऊ कॅनडात असता, बाहेर बर्फ आणि घरात ड्रायर, तर मी ४५० जीएसएमची, मोठ्या कॉलरची, घोट्यापर्यंतची टेरी सांगितली असती. पुण्या-नाशिकला, जिथे दुपारी गच्चीत ऊन मिळतं, तिथे ४०० पर्यंत हरकत नाही. त्यामुळे दुसऱ्या कोणी हे उत्तर वाचून खरेदी करत असेल तर आधी आपल्या वाळत घालायच्या जागेकडे बघा.

पुरुषांच्या रोबमध्ये कापडाइतकाच बेतही महत्त्वाचा. सगळ्यात जास्त फसगत पोटावर होते. साइज छातीच्या मापावर लिहिलेली असते आणि आपल्याकडच्या साठीनंतरच्या बहुतेक पुरुषांचं पोट छातीपेक्षा मोठं. उभं असताना रोब बरोबर बसतो आणि खुर्चीत बसलं की पुढून उघडतो. म्हणून छाती आणि पोट यांत जे मोठं असेल ते माप धरा, आणि पट्टा बांधल्यावर पुढचे दोन पदर एकमेकांवर निदान वीतभर तरी चढले पाहिजेत. वडील बराच वेळ बसून असणार, त्यामुळे ही गोष्ट अजिबात सोडू नका. सुती टेरी पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटते, बऱ्याचदा शंभरात पाच ते आठ भाग. ‘आधीच आटवलेलं’ असं लिहिलेलं नसेल तर एक साइज मोठी घ्या.

लांबी पोटरीच्या मध्याच्या वर संपावी. घोट्यापर्यंतचा रोब वॉकरच्या पायात किंवा न्हाणीच्या उंबऱ्यावर अडकू शकतो. बाही मनगटाच्या बरीच वर, आणि फार रुंद नको. रुंद बाही वॉकरच्या मुठीत आणि नळाच्या तोटीत अडकते. काखेचा घेर मात्र ऐसपैस हवा, म्हणजे बसल्या बसल्या हात सहज आत जातो. गळ्याला किमोनोसारखी सपाट पट्टी असलेला रोब घ्या. जाड शाल कॉलर म्हणजे कापडाची दुहेरी घडी, आणि तीच सगळ्यात शेवटी वाळते, मानेपाशी कुबट वास सुरू होतो तोही तिथूनच. टोपीवाला रोब तर या कामासाठी नकोच.

पट्ट्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तुमच्या बाबतीत धोका तिथेच आहे. सुटा पट्टा एका बाजूने निसटतो, जमिनीवर लोळतो आणि पायात येतो. रोब घरी आला की पट्टा पाठीच्या मध्यावर चार टाके घालून पक्का शिवून टाका. बांधल्यावर टोकं गुडघ्याच्या वर राहतील एवढाच ठेवा, जास्तीचा कापून कड शिवा. आतल्या बाजूला कमरेशी एक छोटी नाडी असेल तर उत्तम, नसेल तर शिंप्याकडून लावून घ्या. म्हणजे पट्टा सैल झाला तरी रोब उघडत नाही. बोटांनी गाठ मारणं जड जात असेल तर मोठी टिच बटणं लावा. चिकटपट्टी, वेल्क्रो म्हणतात ती, टेरीवर लावू नका. तिचे आकडे लूप ओढून काढतात आणि महिन्याभरात ती जागा विद्रूप होते.

शिलाई बघताना रोब उलटा करा. टेरीची कापलेली कड उसवते, म्हणून आतल्या शिवणी नुसत्या ओव्हरलॉकवर सोडलेल्या नकोत, पट्टीने बांधलेल्या किंवा दुमडून दुहेरी शिवलेल्या हव्यात. खांद्याच्या शिवणीत आतून टेप असली पाहिजे, कारण ओल्या रोबचं सगळं वजन खांद्यावर लटकतं. पट्ट्याचे हूक आणि खिशाचे वरचे कोपरे या जागी दाट आडवे टाके दिसले पाहिजेत. खिसा दाराच्या कडीत अडकून फाटतो तो नेमका त्या कोपऱ्यातून.

रंग मधला घ्या, राखाडी किंवा निळा. पांढरा हॉटेलांना परवडतो कारण ते ब्लीच करू शकतात. वडील डोक्याला खोबरेल लावत असतील तर पांढऱ्यावर मानेशी पिवळा डाग पडणारच. खूप गडद रंगाचा असेल तर पहिली धुणी वेगळी करा. लेबलवर ओइको-टेक्सचं चिन्ह असेल तर त्याचा अर्थ घातक रसायनांची तपासणी झाली आहे एवढाच. कापूस किंवा वीण चांगली असल्याचं ते प्रमाणपत्र नव्हे.

धुण्याचं फार अवघड नाही. वापरायच्या आधी दोनदा धुवा, सॉफ्टनर कधीच घालू नका, कारण तोच तेलकट थर परत चढतो. साबण थोडा, मशीन अर्धं रिकामं. तेलाचा वास धरला तर महिन्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुवा. वाळत घालण्याआधी दोन-तीनदा जोरात झटका, त्याने दबलेले लूप उभे राहतात, आणि इस्त्री फिरवू नका. पावसाळ्यात खुंटीऐवजी रुंद हँगरवर पुढून उघडा टांगा आणि खाली पंखा लावा. एखादा लूप बाहेर आला तर ओढू नका, कात्रीने कापडालगत कापा. टेरी विणलेली असते, होजिअरीसारखी उसवत जात नाही.

तुमच्या बजेटमध्ये हे सगळं बसतं. जवळपास कोणाचं सोलापूरला येणं-जाणं असेल तर चाटी गल्लीत किंवा कारखान्यांच्या दुकानांत हाताळून घ्यायला सांगा. नसेल तर ऑनलाइन घ्या, पण बदलून देण्याची सोय आहे का ते बघून, आणि पहिल्या धुण्याआधी वडिलांना तो घालून खुर्चीत बसवून बघा. छातीचं, पोटाचं आणि मानेपासून पोटरीपर्यंतचं माप इथे लिहिलंत तर साइज कोणती मागवायची ते सांगतो.